नवव्या महिन्यात घाबरलेल्या बाईला धीर कसा द्यायचा

लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून माझी २२ वर्षं गेली. बाळंतपणाला घाबरलेल्या बायका तर रोजच्याच. मला जड गेली ती त्यांना धीर द्यायला आलेली माणसं. कॉटशेजारी उभं राहून 'अगं, काही होत नाही' म्हणणारा नवरा, 'आम्ही नाही का केलं?' म्हणणारी सासू आणि 'फक्त पॉझिटिव्ह विचार कर' असं फोनवरून बजावणारी मैत्रीण. तिघांचाही हेतू चांगला. तिघांचं बोलून झालं तरी बाईची मूठ चादरीवरून सुटत नाही.

हा लेख त्या तिघांसाठी. बॅग भरलीय, फाइल जागेवर आहे, रात्री गाडी कोण चालवणार हे ठरलंय, एवढं मी धरून चालते. इथे फक्त बोलण्याचं बघू, आणि तेही शेवटच्या तीन-चार आठवड्यांतलं. कळा जोरात सुरू झाल्यावर कुणी समजावून सांगायला लागलं तर बाई ऐकत नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

१. वेळ निवडा

दोघंच असताना, शेजारी शेजारी. समोर बसवून 'जरा बोलूया' म्हटलं की मुलाखत होते. कपड्यांच्या घड्या घालताना किंवा फिरायला गेल्यावर माणूस जास्त बोलतो.

२. दुसऱ्यांच्या कहाण्या बंद करा

भयंकर असतात त्या तर बंदच, पण 'अमकी अर्ध्या तासात मोकळी झाली' असल्या गोडसुद्धा. हिला तसं झालं नाही की आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. व्हिडिओ पाठवणाऱ्यांना तुम्ही स्वतः सांगा, ते काम तिच्यावर टाकू नका.

३. खरी भीती बाहेर येऊ द्या

सगळं अडतं ते इथे. मीही इथेच अडले होते.

नोकरीच्या सुरुवातीला ३८ आठवड्यांची एक बाई तपासणीला आली. दुसरी खेप. मी बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळत होते, तेव्हा तिने हळूच विचारलं, "सिस्टर, फार दुखतं का हो?" झालं, मी सुरू. कळा कशा येतात, श्वास कसा घ्यायचा, दुखणं कमी करायला काय काय देता येतं. चांगली वीस मिनिटं बोलले. ती मान डोलावत राहिली, थँक्यू म्हणाली आणि गेली. मला वाटलं, काय छान समजावलं!

प्रसूतीच्या रात्री कळा तिने नीट सोसल्या. पण तपासायला कुणी जवळ आलं की गुडघे घट्ट मिटून वर सरकायची, पार कॉटच्या लोखंडी कठड्याला डोकं टेकेपर्यंत. दुसऱ्या दिवशी बाळाला पाजता पाजता स्वतःहून बोलली. मागच्या खेपेला, वेगळ्या दवाखान्यात, तिला काही न सांगता, न विचारता तपासलं होतं. दर वेळी नवीन माणूस. "या वेळी आधी सांगाल का, एवढंच विचारायचं होतं मला. पण तुम्ही इतक्या मनापासून सांगत होतात…"

एक बाळंतपण झालेल्या बाईला 'दुखतं का' हा प्रश्न पडेलच कशाला, एवढंही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तेव्हापासून पहिलं उत्तर मी खरं धरत नाही. 'दुखेल' हे चारचौघांत सांगायला सोयीचं उत्तर आहे. त्याच्या खाली काहीही असतं. मी ओरडेन आणि सगळे हसतील. टाके पडतील. बाळाला काही होईल. मलाच काही होईल. बाळ झाल्यावर मला त्याच्याबद्दल काही वाटलंच नाही तर? यातली प्रत्येक भीती वेगळी आणि प्रत्येकीला उत्तरही वेगळं. श्वासाचे व्यायाम शिकवून यातल्या एकीचंही समाधान होत नाही.

'कसली भीती वाटते?' असं थेट विचारू नका. त्याला उत्तर 'तसं काही नाही' हेच येतं. त्यापेक्षा विचारा, 'त्या दिवसाचा विचार केला की डोळ्यांसमोर काय येतं?' भीतीचं कारण सांगणं अवघड, दिसणारं चित्र सांगणं सोपं. आणि मग गप्प बसा. हे फार जड जातं, नवऱ्यांना तर खूपच. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळेल, विषय बदलेल. बदलू द्या. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजा. एका नवऱ्याने त्यांचं बोलणं कसं झालं ते मला नंतर सांगितलं:

"डोळ्यांसमोर काय येतं?"

"काही नाही रे. तो मोठा दिवा."

"दिवा?"

"हं. आणि सगळ्यांची तोंडं बांधलेली. कोण कोण आहे तेच कळत नाही."

तो गप्प.

"आणि तू बाहेर."

'अगं, दिव्याला काय घाबरायचं' असं तो म्हणाला असता तर पुढची दोन वाक्यं आलीच नसती. बाईला एकटं पडायची भीती होती. त्यावर करण्यासारखं काम होतं आणि त्याने ते केलं: प्रसूतीच्या वेळी आत थांबता येईल का, हे दुसऱ्याच दिवशी जाऊन विचारलं.

'विचारून तिच्या डोक्यात नसलेलं काहीतरी भरलं तर?' ही शंका मला फार वेळा ऐकू येते. नाही भरत. ते आधीपासून तिथेच असतं, रात्री दोन वाजता तिला एकटीला भेटत असतं.

मात्र भीतीने झोप उडाली असेल, तपासणीला जायचंच टाळत असेल, विषय निघाला तरी थरथर सुटत असेल, तर ते गप्पांनी सुटणारं नाही. अशा टोकाच्या भीतीला टोकोफोबिया म्हणतात. २००० सालापासून हे नाव वैद्यकात रुळलं आहे आणि यावर उपचार आहेत. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. जगायलाच नको, असं काही ती बोलली तर त्याच दिवशी.

४. त्या एकाच भीतीला खरं उत्तर द्या

एकीलाच. सगळं ज्ञान एका बैठकीत ओतू नका. मला नेहमी लागणारी उत्तरं देते, तुमच्या उपयोगाचं तेवढं उचला.

'एवढं बाळ बाहेर येईलच कसं?' पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं साधारण ९.५ सेंमी रुंद असतं आणि गर्भपिशवीचं तोंड १० सेंमी उघडतं. शिवाय बाळाच्या कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात. बाहेर येताना ती एकमेकांवर थोडी सरकतात. म्हणून जन्मल्यावर डोकं लांबुडकं दिसतं आणि काही दिवसांत गोल होतं. हेही आधीच सांगून ठेवा, नाहीतर बाळ पाहताच नवी भीती.

'नाळ गळ्याभोवती आली तर?' दर चार-पाच बाळांमागे एकाच्या येते. बाळ पोटात नाकातोंडाने श्वास घेत नाही, त्याला ऑक्सिजन नाळेतूनच मिळतो. त्यामुळे गळ्याभोवती सैल वेढा असणं म्हणजे गळा आवळणं नव्हे. बहुतेक वेळा डोकं बाहेर आल्यावर आम्ही तो बोटाने अलगद काढतो.

'कळा सोसवतील का?' इथे खोटं बोलायचं नाही. दुखतं, आणि चांगलंच दुखतं. पण सलग दुखत नाही, हे तिला आकड्यांत दाखवा. ऐन भरात १० मिनिटांत ३-४ कळा येतात, एकेक साधारण मिनिटभराची. म्हणजे १० पैकी सहा-सात मिनिटं कळ नसते. काहींची कंबर मधल्या वेळातही ठणकते, पण बहुतेकींना त्या वेळात बोलता येतं. दोन कळांच्या मध्ये घोरणाऱ्या बायका मी पाहिल्यात. आणि वेदना कमी करणारं औषध मागण्यात कमीपणा कसला? इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८५३ मध्ये आठव्या बाळंतपणाला क्लोरोफॉर्म घेतलं होतं. तुमच्या दवाखान्यात एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, मिळतं का आणि रात्रीही मिळतं का, हे मात्र आताच विचारा.

'पोहोचायला उशीर झाला तर?' सिनेमात धप्पकन पाणी जातं आणि पळापळ होते. पूर्ण दिवसांच्या साधारण दहातल्या एकीलाच कळांआधी पाणी जातं. पहिल्या खेपेला सुरुवातीच्या बारीक कळा दिवसभरही चालू शकतात. गर्भपिशवीचं तोंड ५ सेंमी उघडल्यावर जो जोराचा टप्पा येतो, तोही १२ तासांपर्यंत जाऊ शकतो. पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभराच्या कळा तासभर टिकल्या की निघायचं, हा साधा हिशेब. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच खरं. दुसऱ्या खेपेला लवकर निघा. आणि दिलेल्या तारखेवर फार विसंबू नका. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढलेली ती तारीख, नेमकी त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच.

'तिथे शी झाली तर?' हा प्रश्न बायका कुजबुजत विचारतात. होते बऱ्याचदा. बाळाचं डोकं गुदाशयावर दाबतच खाली येतं. आम्ही पुसतो आणि विसरतो. खरं तर बाळ योग्य वाटेला लागल्याची खूण म्हणून मला बरंच वाटायचं.

'सिझर लागेल का?' याचं उत्तर 'माहीत नाही'. 'नॉर्मलच होणार बघ' असं वचन अजिबात देऊ नका. ते मोडलं तर ऑपरेशनच्या टेबलावर तिला हरल्यासारखं वाटतं. मी म्हणायचे, "लागलं तर का लागलं, हे विचारायचं काम माझं."

५. प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या

पाचच. पहिला प्रश्न 'हिच्याजवळ कोण थांबू शकेल?' हा. कॉक्रेन ही जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २०१७ मधल्या आढाव्यात १७ देशांतले २६ अभ्यास तपासले होते, त्यांत १५,००० हून जास्त बायका. सतत कुणीतरी सोबत असेल तर कळांचा काळ थोडा कमी होतो आणि सिझरचं प्रमाणही कमी होतं, असं त्यात दिसलं. प्रश्न तिने विचारायचे, उत्तरं तुम्ही लिहून घ्यायची.

६. श्वास

पाच मिनिटं, रोज. श्वास नाकाने आत, तोंडाने लांब बाहेर, जबडा सैल. जबडा आवळला की खांदे आवळतात आणि खाली मांड्याही. सोबत कंबर दाबलेली चालते की अंगाला हातच नको, हेही याच वेळी कळतं. कळांमध्ये तिचं उत्तर बदललं तर वाद घालू नका.

७. धीर द्यायचा नाही ते प्रसंग

बाळाची हालचाल कमी झाली. रक्त गेलं. पाणी गेलं, विशेषतः हिरवट. डोकं ठणकतंय आणि डोळ्यांपुढे चमकतंय किंवा अंधारी येतेय. चेहरा, हात एकदम सुजले. बरगड्यांखाली जोरात दुखतंय. ताप आलाय. ३७ आठवड्यांआधीच ठरावीक अंतराने कळा येताहेत. यांपैकी काहीही झालं तर 'घाबरू नकोस' म्हणायचं नाही, दवाखान्यात फोन करून निघायचं. 'शेवटी शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ हलायचं कमी होतं' असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. हालचालीची तऱ्हा थोडी बदलते, पण ती मंदावत नाही. घाबरट आहे म्हणून जिच्याकडे दुर्लक्ष होतं, तिचंच बोलणं एखाद्या दिवशी खरं असतं. तपासून सगळं ठीक निघालं तर घरी या, आणि पुन्हा तसं वाटलं तर पुन्हा जा. वॉर्डातलं कुणी कुरकुरलं तर कुरकुरू द्या.

८. परत विचारलं तर परत सांगा

परवा सांगितलेली नाळेची गोष्ट ती आज रात्री तीनला पुन्हा विचारेल. 'कालच सांगितलं ना' म्हणू नका. तेच सांगा, शक्यतो त्याच शब्दांत, म्हणजे वाक्य तिला पाठ होईल. मग दिवा बंद करू का, ते विचारा. 'राहू दे' म्हणाली तर राहू द्या.