वापरलेल्या एअर कॉम्प्रेसरसाठी बदली मोटर कशी निवडावी

वापरलेला कॉम्प्रेसर हाती येतो तेव्हा पुष्कळदा पंप ठणठणीत असतो, टाकी बरी असते आणि मोटर तेवढी जळालेली असते. मग पहिला विचार येतो तो जुन्या मोटरच्या प्लेटवर जे लिहिलंय तशीच दुसरी आणण्याचा. यंत्र पहिल्यापासून आपल्याच हाताखाली असेल तर हे चालतंही. पण वापरलेल्या यंत्रावरची मोटर आधी एकदा बदललेली असू शकते आणि बदलणाऱ्याने हाताशी होती तीच बसवलेली असू शकते. चुकीची मोटर जळाली म्हणून तशीच दुसरी आणली, तर तीही जळणार. म्हणून मोटर ठरवायची ती पंपाकडे बघून.

इथे विचार केलाय तो बेल्टवर चालणाऱ्या पिस्टन कॉम्प्रेसरचा. ज्या छोट्या ऑइल-फ्री यंत्रांत मोटरच्या शाफ्टवरच पिस्टनचा कनेक्टिंग रॉड बसवलेला असतो, त्यांना बाहेरची मोटर लागू पडत नाही. तिथे त्याच मॉडेलचा सुटा भाग मिळाला तरच दुरुस्तीला अर्थ आहे.

मोटर खरंच गेली आहे का?

आधी वीज तोडा, टाकीतली सगळी हवा सोडा, कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला मदत करणारा, वीज साठवणारा भाग) डिस्चार्ज करा. वीज तोडल्यानंतरही कपॅसिटरमध्ये जोराचा धक्का बसण्याइतका भार राहू शकतो. मग बेल्ट काढून पंपाचं फ्लायव्हील (बेल्ट बसतो ते मोठं चाक) हाताने फिरवा. टाकी रिकामी असताना ते थोड्या जोराने पण सलग फिरायला हवं. अडकत असेल तर दोष पंपात आहे, नवी मोटरही तिथेच अडकेल.

आता बेल्टशिवाय मोटर सुरू करा. नुसतीच गुणगुणते आणि फिरत नाही, तर लगेच बंद करा. वाइंडिंगआधी (मोटरमधल्या तारांच्या गुंडाळीआधी) कपॅसिटर आणि सेंट्रिफ्युगल स्विच (मोटरने वेग घेतल्यावर सुरुवातीचा कपॅसिटर तोडणारा) तपासा, कारण दोन्ही मोटरपेक्षा कितीतरी स्वस्तात बदलता येतात. मोकळी छान फिरते पण बेल्ट चढवला की दम टाकते, तर संशय नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (टाकीतली हवा पंपाकडे परत येऊ न देणारा) आणि अनलोडर (मोटर थांबल्यावर नळीतली हवा सोडणारा भाग) यांच्यावर घ्यावा. मोटर थांबल्यावर प्रेशर स्विचजवळून (ठरलेल्या दाबाला मोटर चालू-बंद करणारा स्विच) काही क्षण फुस्स आवाज येतो. पंपापासून टाकीपर्यंतच्या नळीतली हवा तेव्हा सुटते, म्हणजे पुढच्या वेळी मोटर हलक्या भाराने सुरू होते. हा आवाज आलाच नाही, तर अनलोडर काम करत नाही आणि मोटर दर वेळी दाबाविरुद्ध सुरू होतेय. आवाज थांबतच नसेल, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय. कॉम्प्रेसरच्या अनेक मोटरी याच दोन कारणांनी जळतात आणि दोष न काढता नवी मोटर बसवली की तीही त्याच वाटेने जाते.

व्होल्टेजही बघा. मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज १० टक्के पडलं तर टॉर्क ८१ टक्क्यांवर येतो. लांब, बारीक एक्स्टेन्शन वायरवर चालवलेला कॉम्प्रेसर सुरू होताना का धडपडतो, ते यावरून कळेल.

पैसे घालण्याआधी टाकी

तळाचा नळ उघडून पाणी काढा. गंजाचे पापुद्रे येत असतील किंवा तळाला सुईएवढंही भोक असेल, तर ती टाकी बाद समजा. वेल्डिंग करून किंवा ठिगळ लावून ती पुन्हा वापरू नये; दाबाखाली फुटलेली टाकी जीव घेते. शंका असेल तर जाणकाराकडून पाण्याच्या दाबाने चाचणी करून घ्यावी. पाणी जवळपास दबत नाही, त्यामुळे चाचणीत टाकी फाटली तरी स्फोट होत नाही, नुसती गळती होते. सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा आहे ना, तेही बघून घ्या. टाकी बाद निघाली तरी पंप दुसऱ्या टाकीवर चढवता येतो.

पंपाला किती ताकद लागते?

पंपावर प्लेट असेल तर काम सोपं. कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे), दाब आणि लागणारे एचपी (हॉर्सपॉवर) तिथेच लिहिलेले असतात. प्लेट नसेल तर हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) उघडून बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टन सरकतो ते अंतर) मोजा. समजा, एकाच टप्प्यात दाब देणाऱ्या पंपाचे दोन सिलिंडर आहेत, बोअर ६५ मिमी आणि स्ट्रोक ५० मिमी. एका सिलिंडरची क्षमता साधारण १६६ घनसेंमी, दोन्हींची मिळून ३३२. पंप ८०० आरपीएमने फिरला तर मिनिटाला सुमारे २६५ लिटर, म्हणजे साधारण ९.४ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा ओढली जाते. प्रत्यक्षात बाहेर पडते ती त्याच्या सत्तरेक टक्के, म्हणजे साडेसहा सीएफएमच्या आसपास. ७ बारच्या जवळपास दाबावर १ एचपीमागे ३ ते ४ सीएफएम हवा मिळते, असा ढोबळ हिशोब धरला तर या पंपाला २ एचपीची मोटर योग्य. दोन टप्प्यांच्या पंपात एक सिलिंडर मोठा आणि एक लहान असतो. तिथे हवा ओढणारा मोठा सिलिंडर तेवढाच हिशोबात धरायचा.

गरजेपेक्षा मोठी मोटर घेतली म्हणून हवा वाढत नाही. हवा ठरते पंपाच्या वेगावर.

वेग आणि पुली

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून थोडं सावकाश बघू. ५० हर्ट्झवर चार पोलची (चुंबकीय ध्रुवांची) मोटर भाराखाली साधारण १४४० आरपीएमने फिरते आणि दोन पोलची साधारण २८८० ने. एचपी सारखे असले तरी वेग दुप्पट. पंपाचा वेग काढायचं सूत्र सोपं आहे: मोटरचा आरपीएम गुणिले मोटरच्या पुलीचा व्यास, भागिले फ्लायव्हीलचा व्यास. १४४० ची मोटर, १२५ मिमीची पुली आणि ३०० मिमीचं फ्लायव्हील असेल तर पंप ६०० आरपीएमने फिरतो. त्याच जागी २८८० ची मोटर तीच पुली लावून बसवली की पंप १२०० वर जातो. हेड तापतं, व्हॉल्व्हच्या पट्ट्या तुटतात आणि दुप्पट भाराखाली मोटरही होरपळते.

पुली निम्म्याने लहान केली की हिशोब जमतो खरा, पण ६२ मिमीची पुली ए सेक्शनच्या (व्ही आकाराच्या बेल्टचं एक माप) बेल्टला मानवत नाही. साधारण ७५ मिमीच्या खाली बेल्ट फार तीव्र वळतो, घसरतो आणि लवकर तुटतो. म्हणून बेल्टवरच्या कॉम्प्रेसरला चार पोलची मोटर हीच माझी पहिली पसंती. ती जड असते, पण तिच्या पुलीवर बेल्टची पकड चांगली बसते.

यंत्र ६० हर्ट्झच्या देशातून आलेलं असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. तिकडची चार पोलची मोटर १७४० च्या आसपास फिरते. ५० हर्ट्झची मोटर जुन्या पुलीसह बसवली तर पंप जवळजवळ एक षष्ठांश मंदावतो. मोटरची पुली २० टक्के मोठी केली की मूळ वेग परत मिळतो.

एचपीच्या स्टिकरवर जाऊ नका, अँपिअर वाचा

१ एचपी म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे ५ एचपीच्या मोटरच्या शाफ्टवर ३७३० वॅट मिळायला हवेत. २३० व्होल्टच्या १६ अँपिअरच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त ३६८० वॅट येतात आणि त्यातला काही भाग मोटरमध्येच उष्णता होऊन जातो. साध्या सॉकेटवर चालणाऱ्या यंत्रावर ५ एचपी लिहिलेलं असेल तर तो आकडा क्षणिक कमाल ताकदीचा असतो, सलग चालण्याचा नसतो. मोटरच्या प्लेटवरचे फुल लोड अँपिअर आणि किलोवॅट वाचा. ड्युटीच्या रकान्यात एस१ म्हणजे सलग चालण्याची मोटर. कॉम्प्रेसरला तीच घ्यावी. सर्व्हिस फॅक्टर १.१५ असेल (म्हणजे लिहिलेल्या ताकदीपेक्षा १५ टक्के जादा भार मोटर झेलू शकते) तर उत्तम, पण ती जादा ताकद अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवा, रोजच्या हिशोबात धरू नका.

थ्री फेज वीज उपलब्ध असेल तर दुसरा विचारच करू नका. थ्री फेज मोटरमध्ये कपॅसिटर नाही, सेंट्रिफ्युगल स्विच नाही आणि ती सुरू होते जोरात. सिंगल फेजवर व्हीएफडी (मोटरला हव्या वारंवारतेची थ्री फेज वीज पुरवणारं उपकरण) लावूनही ती चालवता येते, मात्र त्या व्हीएफडीला सिंगल फेज इनपुट चालतं का, ते पाहून घ्या. प्रेशर स्विच व्हीएफडी आणि मोटरच्या मधल्या तारांवर लावू नका, तो व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला जोडायचा. सिंगल फेज मोटरच घ्यायची असेल तर दोन कपॅसिटरची, म्हणजे कपॅसिटर स्टार्ट कपॅसिटर रन प्रकारची घ्या. पंख्याच्या मोटरसारखा एकच छोटा रन कपॅसिटर असलेली मोटर सुरू होताना फार कमजोर असते.

फ्रेम, शाफ्ट, बॉडी

मेट्रिक मोटरचा फ्रेम नंबर म्हणजे पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची, मिलिमीटरमध्ये. ८० फ्रेमला १९ मिमीचा शाफ्ट, ९० ला २४, १०० ला २८. अमेरिकन पद्धतीच्या ५६ फ्रेमचा शाफ्ट ५/८ इंचाचा असतो. उंची थोडी वेगळी असली तरी बिघडत नाही, कारण बेल्ट ताणायला मोटर सरकवायची सोय असतेच. पायाची भोकं जुळली नाहीत तर मध्ये जाड लोखंडी प्लेट घाला. पुलीचा बोअर (मधलं भोक) मात्र शाफ्टला नेमका बसायला हवा. पुली हातोड्याने ठोकून बसवली की तो मार थेट बेअरिंगवर जातो.

धूळ असलेल्या जागी पूर्ण बंद, बाहेरून पंख्याने थंड होणारी मोटर घ्यावी. मोटर जुनी घेत असाल तर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) वाइंडिंग आणि बॉडीमधला रोध बघा; १ मेगओहमपेक्षा कमी आला तर ती मोटर सोडून द्या. शाफ्ट वर-खाली हलवून पाहा आणि टर्मिनल बॉक्स उघडून जळका वास येतो का, तेही बघा.

बसवल्यावर

जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, अर्थिंग पक्कं असू द्या. ओव्हरलोड रिले (जादा प्रवाह गेला की मोटर बंद करणारा भाग) प्लेटवरच्या फुल लोड अँपिअरवर लावा. नवी मोटर आधीपेक्षा मोठी असेल तर प्रेशर स्विचचे कॉन्टॅक्ट तिला पुरतील का ते तपासा. पुरत नसतील तर मध्ये स्टार्टर (मोटरचा मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच) हवा. फ्लायव्हीलने पंपाकडे हवा फेकली पाहिजे आणि पंपावर बाण असेल तर फिरण्याची दिशाही त्याप्रमाणे. थ्री फेजमध्ये कोणत्याही दोन तारा अदलाबदल केल्या की दिशा उलटते. सिंगल फेजमध्ये टर्मिनल बॉक्सच्या झाकणातली आकृती पाहून स्टार्टिंग वाइंडिंगची टोकं बदलतात. दोन्ही पुली सरळ पट्टी लावून एका रेषेत आणा. बेल्ट मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर दोन पुलींच्या दर ४०० मिमी अंतराला ६-७ मिमी दबावा.

मग टाकीचा नळ उघडा ठेवून यंत्र अर्धा तास मोकळं चालवा. नळ बंद करून दाब चढू द्या आणि यंत्र आपोआप थांबण्याच्या जरा आधी क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारं मीटर) अँपिअर मोजा. भार तेव्हा सर्वाधिक असतो. आकडा प्लेटपेक्षा जास्त आला तर मोटरची पुली थोडी लहान करा. १० टक्के लहान केली की भारही साधारण तेवढाच उतरतो. आकडा बराच कमी आला आणि पंपाच्या कमाल वेगाला अजून वाव असेल, तरच पुली वाढवा. नवा बेल्ट पहिल्या काही तासांत ताण सोडतो, म्हणून तो पुन्हा एकदा ताणून अँपिअर परत मोजा.