पतसंस्थेत आधारची झेरॉक्स देताना

केवायसीसाठी (ओळख पटवण्यासाठी) दिलेली, वर काहीही न लिहिलेली आधारची झेरॉक्स चुकीच्या हाती पडली, तर तिच्यावर दुसऱ्याच कोणी सिमकार्ड किंवा कर्ज घेऊ शकतो. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील सोसायट्यांच्या सभासदांनी पुढील काळजी जरूर घ्यावी.

१. झेरॉक्सवर पेनाने, छापील अक्षरांवरून आडवे जाईल असे, ‘फक्त अमुक सोसायटीच्या केवायसीसाठी’ असे लिहून तारीख व सही करावी. कोपऱ्यात लिहिलेला मजकूर कागद घडी घालून सहज झाकता येतो.

२. संस्थेला चालत असेल तर शेवटचे ४ आकडेच दिसणारे मास्क्ड आधार द्यावे.

३. आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करावे, म्हणजे बोटांच्या ठशांवर खात्यातून पैसे काढता येत नाहीत. मात्र लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा लागत नाही, म्हणून धान्य आणण्यापूर्वी ते तात्पुरते उघडावे. घरातील वयस्कर मंडळींना हे आधीच दाखवून ठेवावे.

‘केवायसी संपली’ असा फोन मराठीत येवो वा कन्नडमध्ये, ओटीपी सांगू नये. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.