सर्व्हर ॲड होत नाही, लॉगिन घेत नाही: आधी घड्याळ बघा, पासवर्ड नंतर

कोकणात जून उजाडला की आयटीवाल्याला दोन प्रकारचे फोन येतात, एक झाड पडून फायबर तुटली म्हणून आणि दुसरा "पासवर्ड बरोबरच घातलंय रे, पण घेणाच नाय" म्हणून. पहिल्यात आपल्या हातात काही नसतं. दुसऱ्यासाठी हे लिहितोय.

सांगतोय ते मुख्यतः व्हीएमवेअरचं, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारे ईएसएक्सआय होस्ट आणि ते सगळे सांभाळणारं व्हीसेंटर, कारण रत्नागिरीपासून कुडाळपर्यंत अजून बऱ्याच ठिकाणी तोच जुना सेटअप चालू आहे. शेवटी थोडं प्रॉक्समॉक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरबद्दल पण आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट, पासवर्ड परत परत मारत बसू नका. ईएसएक्सआयवर रूटचा (मुख्य ॲडमिन अकाउंटचा) पासवर्ड ५ वेळा चुकला की अकाउंट १५ मिनिटं लॉक होतं आणि गंमत अशी की लॉक असताना बरोबर पासवर्ड दिलात तरी "युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा" हाच मेसेज येतो, मग माणसाला वाटतं पासवर्डच बदललाय कुणीतरी, आणि तो वहीतले सगळे जुने पासवर्ड एकेक करून टाकायला लागतो. व्हीसेंटरच्या एसएसओमध्ये (लॉगिन तपासणाऱ्या भागात) डिफॉल्ट असं आहे की ३ मिनिटांत ५ चुका झाल्या तर ५ मिनिटं लॉक. हात बाजूला घ्या, चहा घ्या. पण १५ मिनिटं थांबून पण होस्ट घेत नसेल तर बघा की बॅकअप सॉफ्टवेअर किंवा मॉनिटरिंग टूलमध्ये रूटचा जुना पासवर्ड सेव्ह करून ठेवलाय का, ते बिचारं दर थोड्या वेळाने जुन्या पासवर्डने दार ठोठावत राहतं आणि अकाउंट कायम लॉकच. ते आधी बंद करा.

होस्टच्या समोर उभे राहू शकत असाल (किंवा आयलो, आयड्रॅक, म्हणजे सर्व्हरची स्क्रीन लांबून दाखवणारी सोय, चालू असेल) तर ती पिवळी-करडी स्क्रीन असते ना तिथे एफ२ दाबून रूटने आत जा, हे लॉकआउट त्या कन्सोलला लागू होत नाही, फक्त एसएसएच (लांबून कमांड देण्याची सोय) आणि वेबवरून येणाऱ्यांना लागू होतं. म्हणजे कन्सोलवर पासवर्ड चालला आणि ब्राउझरमध्ये नाही चालला तर पासवर्ड बरोबर आहे, अकाउंट लॉक आहे, किंवा लॉकडाउन मोड चालू आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. ईएसएक्सआय ६ आणि ७ वर ट्रबलशूटिंग ऑप्शन्समधून शेल (कमांड टाइप करायची खिडकी) चालू करून 'पॅम टॅली टू' कमांडने रूटचा काउंटर रीसेट करता येतो, नुसतं थांबणं जमत नसेल तर.

दुसरं म्हणजे नक्की कुठल्या दारात उभे आहात ते बघा, कारण इथे दारं तीन आणि किल्ल्या पण तीन. एक, होस्टचा स्वतःचा रूट. दोन, व्हीसेंटर अप्लायन्सचा (व्हीसेंटर ज्या तयार व्हीएममध्ये चालतं तिचा) रूट, जो ५४८० पोर्टच्या पानावर चालतो. तीन, 'ॲडमिनिस्ट्रेटर ॲट व्हीस्फिअर डॉट लोकल', जो रोजच्या व्हीस्फिअर क्लायंटमध्ये चालतो. व्हेंडर सेटअप करून जाताना तिन्हींना एकच पासवर्ड ठेवतो, नंतर एक बदलला जातो आणि बाकीचे तसेच राहतात. वरून ॲडमिनिस्ट्रेटरच्या पासवर्डची मुदत डिफॉल्ट ९० दिवस, आणि अलीकडच्या व्हर्जनमध्ये अप्लायन्सच्या रूटची पण ९० दिवसच. नुसतं 'ॲडमिनिस्ट्रेटर' एवढंच टाकलंत तर जो डिफॉल्ट डोमेन ठरवलेला असेल तिथे ते शोधलं जातं, कुणी ॲक्टिव्ह डिरेक्टरीला (ऑफिसच्या विंडोज युजरांच्या यादीला) डिफॉल्ट करून ठेवलं असेल तर तुमचा पासवर्ड तिकडे तपासला जाणार आणि चुकीचाच ठरणार. पूर्ण नाव टाकायची सवय लावा. पासवर्ड खरंच हरवला असेल तर अप्लायन्सच्या शेलमध्ये 'व्हीडीसी ॲडमिन टूल' म्हणून आहे, त्यात पर्याय ३ ने नवीन पासवर्ड तयार होऊन मिळतो. तो विचित्र अक्षरांचा असतो, कॉपी करून ठेवा आणि आत गेल्यावर बदला.

आता घड्याळ. माझ्या मते इकडच्या अर्ध्याअधिक लॉगिनच्या कटकटी इथे सुटतात.

होतं काय, लाइट गेली, यूपीएसने जमेल तेवढा दम धरला, मग सगळं धाडकन बंद. जुन्या सर्व्हरचा सीमॉस सेल (घड्याळ चालू ठेवणारा छोटा सेल) मेलेला असतो त्यामुळे परत चालू झाला की तारीख कुठल्या कुठे. होस्टची वेळ चुकली की त्यावरच्या व्हीसेंटर व्हीएमची पण चुकते, कारण व्हीएमवेअर टूल्समध्ये नियमित टाइम सिंक बंद असलं तरी टूल्स सुरू होताना आणि सस्पेंडमधून उठताना वगैरे व्हीएम होस्टकडून वेळ घेते. मग एसएसओचं टोकन (लॉगिनचा तात्पुरता पास) "अजून वैध नाही" किंवा "मुदत संपली" ठरतं, ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या युजरचं कर्बेरॉस (लॉगिन तपासायची पद्धत) ५ मिनिटांच्या वर फरक चालवून घेत नाही, आणि तुम्हाला स्क्रीनवर दिसतं काय तर लॉगिन फेल. पासवर्डचा काही संबंध नाही.

आणि एक खास आपला घोळ. ईएसएक्सआय आतून कायम यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतं, शेलमध्ये वेळ बघितली तर आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे दिसणार आणि ते बरोबर आहे. पण कुणीतरी हुशार माणूस सर्व्हरच्या बायोसमध्ये जाऊन भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे वेळ लावतो, होस्ट बूट होताना तीच यूटीसी समजतो, आणि सगळा कारभार साडेपाच तास पुढे. त्यामुळे फरक बरोबर ५ तास ३० मिनिटांचा दिसला की शोधाशोध करू नका, बायोस बघा. बायोसमध्ये यूटीसी ठेवा, वेळ आधी हाताने जवळपास आणा, मग होस्टवर आणि ५४८० च्या पानावर दोन्हीकडे एकच एनटीपी (नेटवर्कवरून वेळ देणारा) सर्व्हर द्या आणि एनटीपी सर्व्हिस होस्टबरोबर आपोआप सुरू होईल असं ठेवा, नुसता पत्ता भरून सर्व्हिस बंद ठेवलेली मी भरपूर ठिकाणी बघितली आहे. नेट चालू असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा टाइम सर्व्हर वापरा नाहीतर पूल एनटीपीचा भारतातला पत्ता. पावसात नेटचा भरवसा नसतो म्हणून ऑफिसच्या राउटरला किंवा फायरवॉलला एनटीपी सर्व्हर करून सगळ्यांना तिथून वेळ दिलेली बरी, निदान सगळे एकाच वेळेवर तरी राहतात.

घड्याळ झालं, आता नाव. व्हीसेंटरला डीएनएस लागतं, सरळ पण आणि उलटं पण, म्हणजे नावावरून आयपी आणि आयपीवरून नाव. छोट्या ऑफिसात डीएनएस असतं डोमेन कंट्रोलरवर (ॲक्टिव्ह डिरेक्टरी चालवणाऱ्या सर्व्हरवर), डोमेन कंट्रोलर असतो व्हीएम, आणि ती व्हीएम त्याच होस्टवर जो तुम्ही व्हीसेंटरमधून चालू करायला बघताय. घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं झालं हे. लाइट आल्यावर व्हीसेंटर आधी उठलं आणि डीएनएस नंतर, तर त्याच्या सर्व्हिसेस अडकून बसतात. ब्राउझरमध्ये "नो हेल्दी अपस्ट्रीम" असं आलं तर आधी नुसतं थांबा, व्हीसेंटर ७ आणि ८ ला सगळं सुरू व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, जुन्या डिस्क असतील तर जास्तच. तरी नाही आलं तर होस्टच्या आयपीवर थेट ब्राउझरने रूटने जा, डोमेन कंट्रोलर चालू आहे का बघा, नाव दोन्ही बाजूंनी मिळतंय का 'एनएसलुकअप'ने तपासा, मग व्हीसेंटर रीस्टार्ट करा. होस्टच्या मॅनेज, सिस्टिम, ऑटोस्टार्टमध्ये क्रम लावून ठेवता येतो, डोमेन कंट्रोलर पहिला, व्हीसेंटर नंतर. फक्त होस्ट एचए क्लस्टरमध्ये (एक होस्ट पडला की व्हीएम दुसऱ्यावर उठवणाऱ्या गटात) असेल तर हे ऑटोस्टार्ट चालत नाही हे लक्षात असू दे.

आता होस्ट ॲड करताना किंवा परत जोडताना येणाऱ्या अडचणी. पहिलं घाबरणं बंद करा. व्हीसेंटरमध्ये होस्ट "डिसकनेक्टेड" किंवा "नॉट रिस्पॉन्डिंग" दिसतोय याचा अर्थ व्हीएम बंद पडल्यात असा नाही, बहुतेक वेळा त्या मस्त चालू असतात, फक्त व्हीसेंटरशी बोलणं तुटलेलं असतं. म्हणून तिरमिरीत "रिमूव्ह फ्रॉम इन्व्हेंटरी" करू नका, त्या होस्टचा परफॉर्मन्सचा इतिहास आणि व्हीएमवर दिलेल्या परमिशन्स जातात. राइट क्लिक करून कनेक्शन, कनेक्ट, एवढंच आधी.

लक्षण बघून कारण ओळखता येतं. होस्ट अजिबात ॲडच होत नसेल तर व्हीसेंटरमधून होस्टच्या ४४३ पोर्टपर्यंत पोचतंय का बघा, अप्लायन्सच्या शेलमधून कर्लने कळतं. पण होस्ट छान ॲड झाला, हिरवा दिसला आणि मिनिटभराने "नॉट रिस्पॉन्डिंग" झाला, परत कनेक्ट केलं, परत मिनिटभराने तेच, तर डोळे मिटून ९०२ यूडीपी तपासा. होस्ट दर १० सेकंदांनी व्हीसेंटरला ९०२ वर हार्टबीट (मी जिवंत आहे असा इशारा) पाठवतो, ६० सेकंद आला नाही की व्हीसेंटर त्याला गेलेला समजतं. मेन ऑफिस रत्नागिरीत आणि शाखा चिपळूण नाहीतर सावंतवाडीला, मध्ये व्हीपीएन, फायरवॉलवाल्याने टीसीपी उघडलं आणि यूडीपी विसरला, असं हमखास होतं. व्हीसेंटरचा आयपी बदलला असेल तरी हेच दिसतं, होस्टवरच्या व्हीपीएक्सए एजंटच्या (व्हीसेंटरशी बोलणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिग फाइलमध्ये जुना पत्ता राहिलेला असतो आणि हार्टबीट तिकडे जात राहतो.

होस्ट दुसऱ्या व्हीसेंटरला आधीच जोडलेला असेल तर ॲड करताना तसं विचारलं जातं, जुनं व्हीसेंटर खरंच बाद झालंय याची खात्री असेल तरच हो म्हणा. व्हीसेंटर जुन्या बॅकअपवरून परत आणलंय आणि आता होस्ट जुळत नाहीये? ॲड करताना व्हीसेंटर होस्टवर 'व्हीपीएक्स युजर' म्हणून स्वतःचं अकाउंट बनवतं आणि त्याचा पासवर्ड आपणहून डिफॉल्ट ३० दिवसांनी बदलतं, बॅकअपमध्ये त्यातला जुना असतो. कनेक्ट करताना होस्टचा रूट पासवर्ड परत दिला की जुळतं. त्या अकाउंटला स्वतः हात लावू नका, कधीच.

व्हर्जनचं साधं आहे, व्हीसेंटर होस्टच्या बरोबरीचं किंवा पुढचं पाहिजे, आणि फार जुना होस्ट पण चालत नाही, व्हीसेंटर ८ ला ६.५ चा होस्ट जोडला जाणार नाही. फुकटच्या लायसन्सवरचा ईएसएक्सआय तर व्हीसेंटरला जोडताच येत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

लॉकडाउन मोड म्हणजे होस्टवर थेट लॉगिन बंद, सगळं व्हीसेंटरमधूनच. नॉर्मलमध्ये निदान समोरचा कन्सोल चालतो, स्ट्रिक्टमध्ये तो पण बंद. व्हीसेंटर गेलं, स्ट्रिक्ट लावलेला, एक्सेप्शन युजर ठेवला नाही किंवा शेल आणि एसएसएच बंद होतं, तर होस्ट परत इन्स्टॉल करणं एवढाच मार्ग उरतो. आपल्याकडे लाइट आणि नेट जसं आहे तसं बघता एक-दोन होस्टच्या ऑफिसात स्ट्रिक्ट लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कुणाचं वेगळं असेल तर असो.

वेळ, नाव, पोर्ट सगळं ठीक आणि तरी व्हीसेंटरमध्ये कुणालाच, म्हणजे अगदी कुणालाच लॉगिन होत नसेल तर सर्टिफिकेट. "साइनिंग सर्टिफिकेट इज नॉट व्हॅलिड" असा ४०० वाला मेसेज आला तर एसटीएसचं (लॉगिनचं टोकन देणाऱ्या सर्व्हिसचं) सर्टिफिकेट संपलंय, काही ६.५ आणि ६.७ च्या सेटअपमध्ये ते फक्त २ वर्षांचं निघतं आणि जुने व्हर्जन ते संपायच्या आधी सांगत पण नाहीत. त्यासाठी व्हीएमवेअरनेच 'फिक्स एसटीएस' नावाची स्क्रिप्ट दिलेली आहे. चालवायच्या आधी व्हीसेंटर बंद करून स्नॅपशॉट घ्या, लिंक्ड मोडमध्ये (एकमेकांना जोडलेले) जास्त व्हीसेंटर असतील तर सगळे एकदम बंद करून सगळ्यांचे घ्या. दुसरा प्रकार म्हणजे रूट सर्टिफिकेट नुकतंच बदललं आणि लगेच होस्ट ॲड करायला गेलात तर "स्टार्ट टाइम एरर" येतो, कारण व्हीसेंटर होस्टला देताना सर्टिफिकेट २४ तास मागच्या तारखेचं काढतं आणि तेव्हा तुमचं नवीन रूट जन्मलेलंच नसतं. एक दिवस थांबा, आपोआप जातो.

अप्लायन्सची डिस्क पण बघा, शेलमध्ये 'डीएफ' मारली की कळतं. लॉगचं पार्टिशन १०० टक्के भरलं की सर्व्हिसेस पडतात.

हे सगळं बघून झालं की मगच एजंट रीस्टार्ट. होस्टच्या कन्सोलवर ट्रबलशूटिंग ऑप्शन्समध्ये "रीस्टार्ट मॅनेजमेंट एजंट्स" आहे, त्याने व्हीएम बंद होत नाहीत. शेलमधून करत असाल तर होस्टडी (होस्टचा मुख्य एजंट) आणि व्हीपीएक्सए हे दोनच करा, सगळ्या सर्व्हिसेस एकदम रीस्टार्ट करणारी कमांड व्हीसॅन (होस्टांच्या डिस्क एकत्र वापरणं) किंवा एलएसीपी (नेटवर्क केबली एकत्र जोडणं) असलेल्या होस्टवर मारू नका.

समुद्राच्या अगदी जवळ असाल, मालवण, वेंगुर्ला, हर्णै, तर मध्येच जोडणाऱ्या आणि मध्येच तुटणाऱ्या होस्टच्या नेटवर्क केबलचा कनेक्टर पण काढून बघा. खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडतात, पिंग मधूनमधून जातो आणि आपण उगाच सॉफ्टवेअरला शिव्या घालतो.

प्रॉक्समॉक्सवाल्यांसाठी: पोर्ट ८००६, पत्त्यात एचटीटीपीएस लिहावंच लागतं. लॉगिनच्या चौकटीत खाली रेल्म (युजर कुठल्या यादीतला ते) निवडायचं असतं, रूट हा 'लिनक्स पॅम'मध्ये असतो, तिथे 'प्रॉक्समॉक्स ऑथेंटिकेशन सर्व्हर' राहिलं असेल तर बरोबर पासवर्ड पण चुकतो. "इनव्हॅलिड पीव्हीई तिकीट" आलं तर परत घड्याळच, तिकीट २ तासांचं असतं आणि नोडच्या (क्लस्टरमधल्या सर्व्हरच्या) वेळेत फरक पडला की ते बाद. नवीन नोड क्लस्टरमध्ये घेताना त्यावर आधीपासून व्हीएम असतील तर तो घेतला जात नाही, बॅकअप काढून, व्हीएम काढून, जोडून मग रीस्टोअर करा. आणि दोनच नोड असतील तर एक बंद पडला की कोरम (बहुमत) जातो, दुसरा चालू असून पण व्हीएम सुरू करू देत नाही, एक्सपेक्टेड व्होट तात्पुरता १ करून काम भागतं, पण दुसरा नोड नुसता नेटवर्कमधून तुटलेला नाही, खरंच बंद आहे हे बघून मगच करा.