कॅम्पच्या सरपणासाठी चेनसॉ घेताना

शेकोटीला लागणारी लाकडं फार तर मांडीएवढी जाड असतात. त्यांना 14 इंची बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब धातूची पट्टी) पुरतो. 16 इंचाच्या पुढे जाऊच नका. बार लांबला की वजन वाढतं, आणि दमलेल्या हातात चेनसॉ असणं मला अजिबात पटत नाही.

दुकानात मी आधी चेन ब्रेक बघते. पुढच्या हँडलसमोरची ढाल मनगटाने पुढे ढकलली की खटकन ब्रेक लागला पाहिजे. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर मशीन उसळून थेट अंगावर येतं. त्या क्षणी हाच ब्रेक चेन थांबवतो.

मग ऑइलर, म्हणजे बार आणि चेनला तेल पुरवणारा भाग. बारचं टोक फिकट रंगाच्या ओंडक्याजवळ, न टेकवता धरायचं आणि मशीन जोरात चालवायचं. ओंडक्यावर तेलाची बारीक रेघ उमटायला हवी. नाही उमटली तर दुसरं मशीन बघा, कारण तेलाविना बार आणि चेन दोन्ही तापून झिजतात.

एक-दोन रात्रींच्या सरपणाला मी बॅटरीवालाच सुचवेन. पेट्रोल वाहून न्यायला नको. पेट्रोलचा घेतलात तर बहुतेक मशीनना 50:1 मिश्रण लागतं, म्हणजे लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल. तरी मॅन्युअल वाचाच.

चेनच्या मापाची गोल कानस त्याच वेळी घ्या. कापताना लाकडाच्या कपच्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, की धार गेली समजा.