संधिवाताच्या औषधांत थायरॉईडची गोळी कशी बसवायची

ऱ्हुमॅटॉइड संधिवात, ल्युपस किंवा शोग्रेन असे संधिवाताच्या गटातले आजार असलेल्यांत थायरॉईडचा विकार इतरांपेक्षा जास्त आढळतो. दोन्हीकडे प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटलेली असते. थायरॉईड मंदावली की थकवा येतो, अंग आखडतं, बोटांना मुंग्या येतात, आणि दोष संधिवाताच्या माथी जातो. सांधे सुजलेले नाहीत, सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) ठीक आहे, तरी मरगळ जात नाही, शिवाय बद्धकोष्ठ आणि वाढतं वजन? मग संधिवाताचं औषध वाढवण्याआधी टीएसएच तपासा (थायरॉईडची रक्ततपासणी; थायरॉईड मंद असली की हा आकडा चढतो).

रक्त सकाळी, त्या दिवशीची थायरॉईडची गोळी घेण्याआधी द्या. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असतं. त्या निदान दोन दिवस आधी थांबवा, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या मोठ्या डोसानेही टीएसएच खाली दिसतं, म्हणून गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

खरी गफलत वेळांची होते. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, उठल्याबरोबर, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा-कॉफी, पाव त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने. स्टेरॉइडबरोबर हाडांसाठी कॅल्शियम दिलेलं असतं. ते आणि लोहाची गोळी थायरॉक्सिननंतर चार तासांच्या आत घेतली तर थायरॉक्सिन आतड्यातच अडकते. म्हणजे सहाला थायरॉक्सिन, कॅल्शियम अकराच्या पेजेबरोबर किंवा दुपारी जेवणानंतर. टीएसएच उतरत नसेल तर डोस वाढवण्याआधी हे वेळापत्रक तपासा. बहुतेकदा घोळ तिथेच असतो. डोस बदलल्यावर पुन्हा तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. आधी केली तर आकडा स्थिरावलेला नसतो.

डोस जास्त झाला तर छातीत धडधड होते, हाडं झिजतात, आणि स्टेरॉइडने ती आधीच झिजत असतात. वय जास्त किंवा हृदयविकार असेल तर सुरुवात १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमने होते. बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड मनाने बंद करू नका. ते अचानक बंद केलं आणि त्यात थायरॉक्सिनची भर पडली तर जिवावर बेतू शकतं.

बांगडे, सुंगटं (कोळंबी) खुशाल खा. समुद्रशेवाळाच्या आयोडीनच्या गोळ्या मात्र नकोत.

आपल्याकडच्या पावसात दमट हवेने गोळ्या खराब होतात. थायरॉक्सिन मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, चुलीपासून लांब ठेवा. संधिवाताची मेथोट्रेक्सेट वेगळ्या डबीत ठेवून तिच्यावर आठवड्याचा वार लिहा. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. थायरॉक्सिनसारखी रोज घेतली गेली तर तोंड येतं, रक्तपेशी घटतात. चुकून रोज घेतली गेली असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.