वर्डची मोठी फाईल हँग होऊन राहिली? या चुका टाळा

दारव्ह्याकडे माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. पीएचडी जमा करायची तारीख जवळ आली का सर लोक पेनड्राईव्ह घेऊन येतात आणि सगळ्यांचं एकच, भाऊ वर्ड हँग होऊन राहिलं, लॅपटॉप गेला वाटते. लॅपटॉपला काही झालं नसते बाप्पा!

मागे एक सर आले, कापसावरचा थिसिस, 430 पानं, फाईल 380 एमबी. वर्डमध्ये फाईलची हद्द 512 एमबी आणि नुसत्या मजकुराची 32. एवढ्या पानांचा मजकूर दोन-तीन एमबीच्या वर जात नाही, मग बाकी काय भरलं? डॉक्सएक्स (वर्डच्या) फाईलची कॉपी करून तिच्या नावाच्या शेवटी .zip लिहा, उघडा, आत 'वर्ड' नावाच्या फोल्डरमध्ये 'मीडिया' दिसते. सरांचे बोंडअळीचे ऐंशीक फोटो तिथं, मोबाईलवरून जसेच्या तसे, एकेक साडेचार एमबीचा. पानावर कोपरा धरून काडीपेटीएवढे केले होते, सरांना वाटलं फोटो लहान झाला. दिसायला लहान झाला, वजन तेवढंच. फोटोवर क्लिक करून 'कॉम्प्रेस पिक्चर्स' घ्या, 'फक्त याच फोटोला' वाली टिक काढा, कापलेला भाग डिलीट करायची टिक ठेवा, छापायचं असेल तर 220 पीपीआय (एका इंचात किती ठिपके), मेलवर पाठवायचं असेल तर 96. मूळ फोटो वेगळे ठेवा मात्र, मागून परत येत नाहीत. सरांची फाईल 20 एमबीच्या आत आली.

दुसरी गंमत फॉन्टची. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं कंट्रोल-ए मारून मंगल हा युनिकोड फॉन्ट केला का 'भारत'चं एच-के-के-जे-आर होते, कारण आत इंग्रजी अक्षरंच बसलेली असतात. त्याला कृतिदेवचं युनिकोड करणारं कन्व्हर्टर लागते, पण सगळी 430 पानं एकदम टाकली का ब्राउझरच बसते. एकेक प्रकरण टाका, आणि रफार, जोडाक्षरं डोळ्यानं तपासा, तिथंच घोळ होतो.

पेनड्राईव्हवरूनच फाईल उघडून काम करायचं नाही. सेव्ह चालू असताना कोणी उपटला तर गेली फाईल. आधी डेस्कटॉपवर घ्या, रोज वेगळ्या नावानं एक कॉपी ठेवा, आमच्याकडे लाईनचा भरवसा नाही. गाईडनं ट्रॅक चेंजेसमध्ये (खोडलेलं-घातलेलं नोंदवून ठेवणारी वर्डची सोय) सुधारणा केल्या असतील तर मंजूर करून टाका, वर्षभराचं खोडलेलं सगळं फाईल वाहून नेत असते.

'नॉट रिस्पॉन्डिंग' दिसलं म्हणून लगेच टास्क मॅनेजरनं मारू नका, फॉन्ट बदलला का वर्ड सगळी पानं नव्यानं मांडते, एक चहा पिऊन या. तरी नाही उघडलं तर ओपनच्या बाजूच्या बाणात 'ओपन अँड रिपेअर' आहे. उघडून पण वारंवार बंद पडत असेल तर शेवटचं पॅराचं चिन्ह (¶) सोडून बाकी सगळं कॉपी करा, नव्या कोऱ्या फाईलमध्ये टाका. फाईलची बरीच खराबी त्या शेवटच्या चिन्हालाच चिकटून राहते, माझ्या दुकानात तरी निम्म्या फाईली यानंच उठल्या.