बापाची रजा कशी घ्यावी

बाळाची चाहूल लागली की आधी ऑफिसचे रजेचे नियम नीट वाचा. रजा पगारी आहे का, तुकड्यांत घेता येते का आणि ती फक्त तुमचीच आहे की बायकोला देता येते, एवढं बघा. शेवटचा मुद्दा सगळ्यात कळीचा. स्वीडनने १९७४ साली दोघांत वाटून घ्यायची रजा आणली, तेव्हा बहुतेक बापांनी आपला वाटा बायकोच्या नावावर करून टाकला. ज्याचा पगार कमी त्याने घरी राहायचं, हा हिशेब घरोघरी तोच. नॉर्वेने १९९३ साली चार आठवडे खास बापांसाठी राखले. घेतले नाहीत तर बुडाले. काही वर्षांतच बहुतेक बाप रजेवर दिसू लागले. तुमच्याकडे असा नियम नसेल, तरी आपला वाटा बुडणार आहे असंच समजून वागा.

साहेबांना विचारत बसू नका, तारखा कळवा. माझं कोणतं काम कोण बघणार हे मी मेलमध्येच लिहिलं होतं. ‘घरी आई असते ना बाळाची?’ हा प्रश्न तरीही आलाच. हसून पुन्हा तारखा सांगितल्या.

सगळी रजा एकदम संपवू नका. पहिले काही दिवस दोघांनी घरी असायलाच हवं, बाळंतिणीला विश्रांती लागते. उरलेली रजा मात्र ती कामावर परत गेल्यावर घ्या. दोघं घरी असताना बाळ रडलं की सगळे तिच्याकडेच बघतात, बाळसुद्धा. एकटे असलात की रडणं भुकेचं की झोपेचं, हे तुम्हाला आपोआप कळायला लागतं.

काम घ्याल ते अख्खं घ्या. लसीकरण तुमचं असेल, तर तारीख लक्षात ठेवणं, कार्ड सापडणं, डॉक्टरांची वेळ घेणं आणि रात्री ताप आला तर जागणं, सगळं तुमचं. ‘तू सांग, मी करतो’ म्हणालात की आठवण ठेवायचं ओझं तिच्याच डोक्यावर राहतं. आणि तिने लंगोट वेगळा बांधला, तुम्ही वेगळा, तर दोघांनीही गप्प बसायचं.

आजी मदतीला आली की बाप हळूच सुटतो. म्हणून मी आईला आधीच सांगून ठेवलं होतं, ‘दुपारी बाळ माझ्याकडे, तू झोप.’ तिला ते पटायला वेळ लागला.

रजा संपायच्या आत पुढे कोणती कामं तुमच्याकडे राहणार ते ठरवा. पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला फोन नंबर तुमचा लिहा. मूल तापलं की आधी त्याच नंबरवर फोन येतो.